टाटाला नेलंय

वाचकहो, पैठणच्या रस्त्यावरचे बिडकीन आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे कालपरवापर्यंतचे औरंगाबाद, सोडले की विसेक-पंचवीस किलोमीटरवर हे गाव लागते, आणि पुढे जवळजवळ तितकीच वाट चालले की नाथांचे पैठण. फाल्गुनात नाथषष्ठीला या बाजूच्या दिंड्या इथूनच जातात. पण याच रस्त्याने आणखी एक वारी वर्षभर चाललेली असते. तिला टाळ नाही, पताका नाही. ती उलट्या दिशेने, शहराकडे, मनमाडकडे आणि तिथून मुंबईकडे जाते. गावात कुणी विचारावे, "काय हो काकू, अण्णा दिसत नाहीत बरेच दिवस?" आणि काकूंनी पदर सावरत दोनच शब्द बोलावेत, "टाटाला नेलंय." पुढे कुणी काही विचारत नाही. सगळे समजते.

या दोन शब्दांमागे जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास आहे. लढाया आणि तह यांचा इतिहास आपण शाळेत शिकतो; पण माणसे आजारी पडली तेव्हा कुठे गेली, कोणी त्यांना हात दिला आणि घरच्यांनी ते दिवस कसे काढले, याचाही इतिहास असतो. तो पाहावा असे मनात आहे.

आधी या आजाराच्या नावाकडे पाहू. रोग काही आजकालचा नव्हे. सुश्रुताने त्याला अर्बुद म्हटले आहे. ग्रीक वैद्यांना त्या गाठीभोवती फुगलेल्या शिरा पाहून खेकड्याच्या नांग्या आठवल्या, म्हणून त्यांनी त्याला खेकड्याचे नाव दिले. इंग्रजीतला कॅन्सर हा शब्द खेकड्याचाच, आणि आपला कर्करोगही त्याच अर्थाचा. पण आपल्या घरांतून यांपैकी एकही नाव सहसा उच्चारले जात नाही. "मोठा आजार आहे," "गाठीचं दुखणं आहे," "तसलं काहीतरी निघालंय," असे म्हणतात. नाव घेतले की ते घरात येईल, अशी भीती. ही भीती लक्षात ठेवा. पुढे तिच्याशी आपली पुन्हा गाठ पडणार आहे.

आता शंभर वर्षांपूर्वीचे बिडकीन डोळ्यांपुढे आणा. मुलूख निजामाचा. औरंगाबादला रेल्वे आली ती १९०० सालच्या सुमारास, मनमाडहून हैदराबादेकडे जाणारी लहान रुळांची. कुणाच्या जिभेला फोड आला, बाईच्या छातीत गाठ लागली, तर आधी घरचा पाला, मग वैद्य किंवा हकीम, मग नवससायास. राजधानी हैदराबादेला मोठे दवाखाने होते. पण बिडकीनच्या कुणब्याला हैदराबाद म्हणजे दुसरा देशच. शिवाय तिथे जाऊन तरी काय व्हायचे? क्ष-किरणांचा शोध १८९५ सालचा, रेडियमचा १८९८ सालचा. या दोहोंनी गाठ जाळता येते हे युरोपात कळू लागले होते. पण आपल्याकडे ती सोय हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या ठिकाणी. तेव्हा बहुतेक माणसे घरातच, ओसरीवरच्या बाजेवर संपत. त्यांची नोंद कुठल्याही कागदावर नाही. "लागट झाली होती," "खंगून गेला," एवढेच शब्द मागे राहिले.

हे चित्र पालटायला सुरुवात झाली ती एका घरातल्या दुःखातून. ते घर मात्र अगदी श्रीमंताचे होते. जमशेटजी टाटा यांचे थोरले चिरंजीव सर दोराबजी यांच्या पत्नी मेहेरबाई. त्या १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पैसा अमाप, विलायतेतले डॉक्टर दिमतीला, तरी इलाज चालला नाही. दोराबजी स्वतः पुढच्याच वर्षी, १९३२ साली गेले. पण जाण्यापूर्वी या माणसाने आपली बहुतेक सारी मिळकत विश्वस्त निधीकडे सोपवली, आणि पत्नीच्या नावे रक्ताच्या कर्करोगाच्या संशोधनासाठी एक वेगळा निधी उभा केला.

त्या मिळकतीत एक हिरा होता. ज्युबिली नावाचा, सुमारे २४५ कॅरटचा. दोराबजींनी तो मेहेरबाईंसाठी घेतला होता. दोराबजींच्या पश्चात तो विकला गेला आणि पैसा त्या निधीत जमा झाला. त्याच निधीतून मुंबईला परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय उभे राहिले. २८ फेब्रुवारी १९४१ या दिवशी ते उघडले, तेव्हा तिथे ८० खाटा होत्या.

वाचकहो, आपल्या गावाकडे आजारपणात आधी काय मोडतात? घरच्या लक्ष्मीचा दागिना. पाटल्या जातात, मग पोत जाते, मग शेताचा तुकडा गहाण पडतो. टाटांच्या घरचा हिरा आणि बिडकीनच्या घरची बोरमाळ यांत किमतीचे अंतर आकाशपाताळाचे. पण बायकोच्या अंगावरचे सोने तिच्याच दुखण्यापायी मोडण्याची वेळ दोन्ही घरांनी ओळखली आहे. फरक इतकाच की बोरमाळ एका माणसासाठी मोडली जाते, आणि तो हिरा मोडला गेला तो बाई गेल्यानंतर, पुढच्या अनोळखी माणसांसाठी.

या कथेला आणखी एक घरगुती धागा आहे. १९५७ साली हे रुग्णालय केंद्राच्या आरोग्य खात्याकडे आले आणि १९६२ साली अणुशक्ती खात्याकडे गेले. अणुशक्तीचा आणि दवाखान्याचा संबंध काय, असे पुष्कळांना वाटते. किरणोपचार हा एक संबंध आहेच. पण त्या खात्याचे प्रमुख होते डॉ. होमी भाभा, आणि मेहेरबाई या त्यांच्या सख्ख्या आत्या. आत्याच्या मृत्यूतून उभे राहिलेले रुग्णालय भाच्याच्या खात्याकडे आले, असा हा योग. पुढे १९६६ साली रुग्णालय आणि शेजारची कर्करोग संशोधन संस्था एकत्र होऊन टाटा स्मारक केंद्र झाले.

इकडे मराठवाड्याचेही दिवस पालटत होते. १९४८ साली निजामी संपली. हैदराबादेला १९५५ साली मेहदी नवाज जंग यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय निघाले. पण लगेच पुढच्या वर्षी राज्यांची फेररचना झाली आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. माणसाचे तोंड दक्षिणेकडून पश्चिमेकडे वळले. त्याच १९५६ साली औरंगाबादला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. लोक त्याच्या रुग्णालयाला आजही घाटी म्हणतात. घाटीतल्या डॉक्टरांनी तपासावे, चिठ्ठी लिहून द्यावी आणि म्हणावे, "मुंबईला न्या." अशा रीतीने "टाटाला नेलंय" हे वाक्य आपल्या बोलीत रुजले.

ही मुंबईची वाट कशी होती? लहान रुळांच्या गाडीने मनमाडपर्यंत जायचे. तिथे उतरून आजारी माणसाला आणि गाठोड्याला सांभाळत मोठ्या गाडीची वाट पाहायची. गर्दीत जागा मिळाली तर बसायचे, नाहीतर दाराशी पथारी टाकायची. औरंगाबाद-मनमाडचे रूळ रुंद झाले ते १९९० नंतरच्या काही वर्षांत. तेव्हापासून एका गाडीने थेट जाता येते. पण मुंबईला पोचणे हा प्रश्नाचा निम्माच भाग. किरणांचा उपचार एका दिवसाचा नसतो, तो आठवडेच्या आठवडे चालतो. तेवढे दिवस राहायचे कुठे? परळच्या आसपासच्या पदपथांवर चूल मांडून बसलेली कुटुंबे मुंबईकरांनी वर्षानुवर्षे पाहिली आहेत.

इथे आठवण होते ती गाडगेबाबांची. हातात खराटा आणि गाडगे घेऊन फिरणाऱ्या या संताने देवळे बांधली नाहीत, धर्मशाळा बांधल्या. १९५६ साली बाबा गेले. पण त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा परळला आलेल्या हजारो गोरगरीब रुग्णांचे बिऱ्हाड होऊन राहिली. परळला नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदनही असेच उपयोगी पडले. औषध देणारा डॉक्टर मोठा खराच. पण "चार दिवस इथं राहा, जेवा," असे म्हणणाराही त्या दिवसांत देवासारखा वाटतो.

आणि मागे राहिलेल्या घराचे काय? एक भाऊ रुग्णाबरोबर मुंबईला, दुसऱ्यावर दोघांच्या शेताचा भार. आई दवाखान्यात, तर धाकटी मुले आजीजवळ. थोरल्या मुलीची शाळा सुटते, कारण भाकऱ्या थापायला कोणीतरी हवे. आजार एकाला होतो, आजारी सगळे घर पडते. म्हणूनच पुष्कळ घरे शेवटच्या टोकाला जाईपर्यंत निघतच नसत. "सुगी होऊ द्या," "पोरीचं लग्न उरकू द्या," "एवढा कापूस विकू द्या," असे म्हणता म्हणता सुपारीएवढी गाठ लिंबाएवढी होई. या वाटेच्या लांबीने जितकी माणसे नेली, तितकी कदाचित रोगानेही नेली नसतील.

मग कुणाच्या मनात आले, की रुग्णाने शहरात येण्यापेक्षा आपणच गावात का जाऊ नये? आणि रोग झाल्यावर धावण्यापेक्षा तो होतो कशाने हे का पाहू नये?

दुसऱ्या प्रश्नाचा पाठपुरावा करणाऱ्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर हे एक मोठे मराठी नाव. टाटा रुग्णालयाची विकृतिशास्त्राची प्रयोगशाळा त्यांनी उभी केली. काचपट्टीवरची पेशी पाहून ते थांबले नाहीत; हा माणूस राहतो कसा, नेसतो काय, चघळतो काय, हे त्यांनी विचारले. धोतराच्या घट्ट गाठीने वर्षानुवर्षे कंबरेची कातडी घासून तिथे होणारा कर्करोग त्यांनी १९४५ साली जगापुढे मांडला. तोंडाचा कर्करोग आणि तंबाखू यांच्या नात्याकडेही त्यांनी लक्ष वेधले. तंबाखूची चिमूट चुना लावून गालात धरली की ती जागा रोज भाजत राहते, आणि कित्येक वर्षांनी तिथेच चट्टा उमटतो. आज ही गोष्ट पाकिटावर चित्रासकट छापलेली असते. महाराष्ट्र सरकारने २०१२ साली गुटख्यावर बंदीही आणली. पण पारावर बसलेल्या माणसाने शेजाऱ्यापुढे डबी धरली तर ती नाकारणे आजही उद्धटपणाचे वाटते, हे आपण जाणतोच.

पहिल्या प्रश्नाचे, म्हणजे गावात जाण्याचे, उत्तर मिळाले ते मराठवाड्याच्या वेशीवर, बार्शीला. अभिनेत्री नर्गिस दत्त १९८१ साली स्वादुपिंडाच्या कर्करोगाने वारल्या. त्यांच्या नावाचे रुग्णालय बार्शीला उभे राहिले. पुन्हा पाहा, एका घरातला मृत्यू आणि त्यातून दुसऱ्यांसाठी उघडलेले दार. १९८७ साली बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतल्या गावांसाठी कर्करोगाची नोंदवही सुरू झाली. खेड्यापाड्यांसाठी अशी नोंदवही देशात पहिलीच. कार्यकर्ते गावोगाव जाऊन चौकशी करत, लक्षणे समजावून सांगत, संशय आला की तपासणीला आणत. परिणाम असा झाला, की बायका गर्भाशयाच्या मुखाचा रोग थोडका असतानाच येऊ लागल्या. नुसत्या सांगण्याने, आपल्या बोलीत समजावण्याने, हे घडले.

त्याहून मोठे काम पुढे झाले. १९९९ पासून उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रिया एका अभ्यासात सामील झाल्या. वय तीस ते एकोणसाठ. टाटा रुग्णालय, बार्शीचे डॉ. भगवान नेने आणि परदेशी शास्त्रज्ञ यांनी मिळून तो चालवला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण होणाऱ्या विषाणूची आयुष्यात एकदा तपासणी केली, तर त्या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटतात, असे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात दिसले. डोक्यावर पदर घेतलेल्या, खुरपे बाजूला ठेवून तपासणीला आलेल्या आपल्याच या आयाबहिणींनी सबंध जगाला ही गोष्ट शिकवली. त्यांची नावे कुठे कोरलेली नाहीत. म्हणून इथे तरी त्यांची आठवण काढायची.

आता बिडकीनला परत येऊ. २०१२ साली औरंगाबादला आमखास मैदानाजवळ सरकारी कर्करोग रुग्णालय सुरू झाले. पुढे त्याला राज्य कर्करोग संस्थेचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी राज्यात जीवनदायी आरोग्य योजना आली. तिलाच आता महात्मा फुले यांचे नाव आहे. रेशनकार्ड दाखवून शस्त्रक्रिया, किरण, औषधे यांचा बराचसा खर्च तीतून भागतो. म्हणजे साडेतीनशेहून अधिक किलोमीटरची वाट विसेक-पंचवीस किलोमीटरवर आली. सकाळच्या एस.टी.ने जावे, किरण घेऊन यावे आणि संध्याकाळी आपल्या अंगणात टेकावे, एवढे जवळ. बिडकीनच्या शिवारात आता औद्योगिक वसाहत उभी राहिली आहे, रस्ते रुंद झाले आहेत.

मग वाट खरोखरच संपली का? नाही, वाचकहो. जमिनीवरची वाट आखडली. पण घरातली, तोंडातून शब्द बाहेर पडण्याची वाट अजून तेवढीच लांब आहे. मघाशी म्हटलेली नावाची भीती ती हीच. बाई छातीतली गाठ सहा महिने कुणाला सांगत नाही. लाजेने, आणि "घरच्यांना घोर नको" म्हणून. पुरुष तोंडातला चट्टा दाखवत नाही, कारण तंबाखू सोडा म्हणतील. पूर्वी मुंबई लांब होती म्हणून उशीर होई. आज दवाखाना शेजारी असून उशीर होतो, तो बोलण्याचा.

आणि निदान झाल्यावर दुसरे मौन सुरू होते. घरचे रुग्णाला सांगत नाहीत, आणि रुग्ण सगळे समजूनही न समजल्यासारखे करतो. दोघेही एकमेकांना जपतात आणि दोघेही एकटे पडतात. माणसाला काही सांगायचे असते. कुणाचे देणे राहिले आहे, सातबारा कुणाच्या नावावर करायचा, कुण्या भावाशी बोलणे टाकले होते ते पुन्हा करायचे. हे सारे मनात ठेवून तो जातो, आणि मागे राहिलेल्यांना जन्मभर चुटपूट लागते, "एकदा बोलायला हवं होतं." सगळे एका दमात सांगा असे कोणी म्हणत नाही. रुग्ण जेवढे विचारतो तेवढे खरे सांगावे, जे विचारत नाही ते लादू नये; पण विचारले तर खोटे बोलू नये. अनुभवी डॉक्टर असेच वागतात. घरच्यांनाही हे साधण्यासारखे आहे.

काही वेळा इलाज थकतो. तेव्हा "आता घरी न्या" हे शब्द ऐकून घर खचते. पण घरी नेणे म्हणजे सोडून देणे नव्हे. मुंबईला वांद्र्याच्या शांती आवेदना सदनाने १९८६ साली, देशात पहिल्यांदाच, अशा रुग्णांसाठी घर उघडले. रोग बरा होणार नसला तरी वेदना कमी करता येते, हा त्यामागचा विचार. त्याच सुमारास जागतिक आरोग्य संघटनेनेही वेदनेवर पायरीपायरीने औषध कसे द्यावे हे सांगितले. आपल्याकडे मात्र १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे मॉर्फिन मिळणे फार अवघड होऊन बसले. २०१४ साली त्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि वाट थोडी मोकळी झाली. तेव्हा आपले माणूस रात्ररात्र कण्हत असेल तर "भोग आहेत" म्हणून गप्प बसू नये. डॉक्टरांना विचारावे, पुन्हा विचारावे. दुखणे थांबवून मागणे हा रुग्णाचा हक्क आहे.

जी एक व्यक्ती सेवा करते, आणि ती बहुधा घरची सून किंवा लेक असते, तिच्याकडेही पाहावे. भेटायला येणारे रुग्णापाशी बसतात, चहा घेतात, "हिंमत ठेवा" म्हणून उठतात. त्याऐवजी कोणी म्हणाले, "तू झोप घटकाभर, मी बसते," तर ती खरी भेट. आपल्या रीतीत याचे बीज आहेच. ज्या घरी मयत होते तिथे चूल पेटत नाही. शेजारी पिठलं-भाकरी आणतात, आग्रहाने घास खाऊ घालतात. एवढी शहाणी रीत आपण फक्त मरणानंतरच्या दिवसांपुरती का ठेवावी? आजारपणाच्या महिन्यांतही शेजारची भाकरी तितकीच गोड लागते. आणि तेरावा झाल्यावर, मांडव निघाल्यावर, पाहुणे पांगल्यावर जे घर सुने होते, त्याच्या दाराशी महिन्याने, सहा महिन्यांनी जाऊन बसणारा माणूस तर फारच थोड्यांना मिळतो. गेलेल्या माणसाचे नाव तिथे मोकळेपणी काढावे. डोळ्यांत पाणी येईल, येऊ द्यावे.

मेहेरबाईंच्या मागे रुग्णालय उभे राहिले, नर्गिस दत्त यांच्या नावाने बार्शीचे काम झाले. प्रत्येकाकडे हिरा नसतो. पण ज्या घराने या आजारात आपले माणूस गमावले आहे, त्याच्याकडे एक गोष्ट असतेच. कुठे दाखवले, कागद कोणते लागले, कोणत्या लक्षणाकडे आपले दुर्लक्ष झाले, हे सारे त्याला ठाऊक असते. ते त्याने शेजारच्या घराला उघडपणे, रोगाचे नाव घेऊन सांगावे. बिडकीनच्या एखाद्या बाईने दुसरीला एवढेच म्हणावे, "गाठ लागतीय ना? मग उद्याच चल, मी येते तुझ्याबरोबर." सकाळची एस.टी. असतेच.